पडायच्या आधीच धडाम

प्रिय बाबा,

तुम्ही बरे आहात ना? आणि गाई? मी वेळेवर जेवतेय.

काल थिएटरात विनोदी मूकपट होता, आणि त्याला साथ द्यायला ऑर्गनवर पहिल्यांदाच मी. जमलं नाही तर घरी परत, हे ठरलंच होतं. सिनेमा इतका पाठ, की हीरो शिडीवरून पडायच्या आधीच मी धडाम वाजवलं. कोणीच हसलं नाही.

शेजारी बसलेल्या, मला ऑर्गन शिकवणाऱ्या लिंडक्विस्टबाई पुटपुटल्या, "अगं, त्याला आधी पडू तरी दे."

बाई चाळीस वर्षं याच सिनेमाला वाजवतायत, तरी तो घसरला की खरंच दचकतात. मग मी त्यांच्याकडेच बघत राहिले. त्या दचकल्या की माझं धडाम. लोक हसून हसून लोळले.

बाई म्हणाल्या, "शनिवारी परत तूच. फक्त पाठ केलेलं विसरून ये."

तुमची, अजून इथेच असलेली,
ग्रेटा