पांघरूण घालणारी बाई

३ मार्च
हॉस्पिटलात हार्टच्या डॉक्टरांनी यांच्या खाटेपाशी पॅलिएटिव्ह केअरची एक नर्स पाठवली. बोलणं इतकं मऊ की संशय यावाच. नाव ठेवलं गोडबोली. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरने 'पॅलिएट'चा अर्थ घोकून घेतला होता: दोषावर पांघरूण घालणे. म्हणजे डॉक्टरांनी यांच्या औषधांत घोळ घातलाय आणि ही तो झाकायला आलीय. नाहीतर खाट रिकामी करून हवी असणार. उद्यापासून डोळ्यांत तेल घालून बसणार.

४ मार्च, सकाळी
गोडबोलीने यांना विचारलं, शून्य ते दहामध्ये दम किती लागतो. मी म्हटलं, शून्य. दुखतं का? शून्य. झोप? उत्तम. म्हणाली, काकू, काकांना सांगू द्या. हिच्या काकाशी माझं लग्न झालेलं नाही. हे माझ्याकडे बघून म्हणाले, ही सांगते तेच. संसारात पहिल्यांदा इतकं शहाण्यासारखं बोलले.

५ मार्च
मुलीचा फोन. म्हणे, आई, उपचार चालूच राहणार, ही माणसं फक्त बाबांचा त्रास कमी करायला येतात. पोरीलाही फितवलंय.
यांचा एकच धोशा, पाय गार पडतात, घरून दुसरं ब्लँकेट आण. बाहेर ऊन रणरणतंय. नुसते लाड.

६ मार्च
चहाला जाते म्हणून उठले आणि पडद्याआड उभी राहिले. घोळ आज उघड होणार होता.
झाला. हे म्हणाले, दम आठ. दुखणं सात. आडवं झालं की जीव घुसमटतो, बसूनच असतो. गोडबोलीने विचारलं, बायकोला का सांगत नाही? म्हणाले, बरा आहे म्हटलं तरच तिला दोन घास जातात.
चहा घ्यायचा राहिला.

७ मार्च
गोडबोलीला बजावलं की शब्दाचा माझा अर्थ डिक्शनरीप्रमाणे अचूकच होता. ती म्हणाली, हो काकू, पांघरूणच. काकू म्हणालेलं चालवून घेतलं. तिने यांना पाठीशी उशा रचून बसवलं, डॉक्टरांकडून औषध बदलून आणलं. मी लक्ष ठेवून होतेच.
दुपारी घरी जाऊन ब्लँकेट आणलं. यांच्या पायांवर घातलं, कडा नीट खोचल्या. मग मीच विचारलं, शून्य ते दहामध्ये किती, आणि खरं सांगा.
हे म्हणाले, आधी तू जेव, मग सांगतो.