मामाची वीत

ता. ७, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी लेक मुंगी मजेत, मी अजून उभा आहे. बाईंनी आज नेहमीप्रमाणे दप्तरात आठवड्याचा छापील कागद घातला. तू बजावल्याप्रमाणे फ्रीजवर लावलाय. त्यात लिहिलंय, वर्गातली गोगलगाय बरणीतून पळाली आणि खडूच्या डब्यात सापडली. मला कळेना, समोर दार उघडं असताना डब्यात कसली शिरतेस बाई? मी असतो तर एव्हाना फाटकाबाहेर. पुढे पाढे, पाण्याची बाटली, नखं कापणे वगैरे.

खाली मात्र बाईंनी पेनाने लिहिलंय की मुंगी वर्गात अजून बोलत नाही. मी जाऊन भेटलो. त्या म्हणाल्या की हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. महिनाअखेरच्या तोंडी परीक्षेतही गप्प राहिली तर वरच्या वर्गात घालता येणार नाही. घरी ही माझे कान किटवते, आणि तिथे तोंडाला कुलूप! तू गेल्यापासूनच हे सुरू झालं म्हणे. दाजींना बोटीवर उगाच कळवू नकोस. काय करू ते सांग.

रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
भिंगरी

ता. ११, मंगळवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वॉर्डात लक्ष लागेना. सरावाच्या रबरी हाताला इंजेक्शन द्यायचं होतं, मी ते टेबलाला दिलं. कोर्स सोडण्याचा अर्ज लिहून उशीखाली ठेवला आहे. मुंगी परीक्षेत बोलली नाही तर तो देऊन मी परत येईन. नर्सिंगला माझ्या वयात पुन्हा कोणी घेणार नाही हे मला ठाऊक आहे, पण पोर मुकी होत असेल तर ती टोपी काय डोक्यावर घेऊन नाचू?

तिला टोचून बोलू नकोस, खाऊचं आमिष दाखवू नकोस. अभ्यास तेवढा वेळेवर करून घे. आणि कागद शेवटपर्यंत वाचत जा. दोन ओळी झाल्या की तुझं मन गोगलगायीमागे जातं. तू तीन महिने एका घरात टिकलास याचंच इथे मैत्रिणींना नवल वाटतं.

दोघांनी एकमेकांना सांभाळा, मला आठवत राहा.

तुझी,
ताई

ता. २१, शुक्रवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच, मग ओरड. या वेळी कागदावर होतं की घरातलं टेबल, दार, पलंग वितीने मोजून आकडे आणणे. मुंगीला कणकण होती, लवकर झोपली. म्हटलं, मोजायचंच तर आहे! मीच मोजून तिच्या वहीत लिहिलं. 'मुलांनी स्वतःच्या वितीने' हे दुसऱ्या ओळीत होतं. तिथपर्यंत मी पोचलोच नाही.

बाईंनी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. कोणाचं टेबल दहा विती, कोणाचं अकरा. आपलं सहा. शेजारचा पोरगा हसला, म्हणाला की यांच्याकडे बाहुलीचं टेबल आहे. झालं! मुंगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली की टेबल लहान नाहीये, माझ्या मामाचा हात मोठा आहे, तो एकटा कपाट उचलतो. बाई सांगत होत्या, अख्खा वर्ग वळून बघायला लागला. मग बयेची गाडी थांबेना. मामा सामान हलवतो, आई नर्स होतेय, बाबा बोटीवर आहेत, सगळं काढलं.

बाईंचा निरोप आला तेव्हा मी कपाट पाठीवर घेऊन जिन्यात होतो. वाटलं, आता गेलो. धावत शाळेत पोचलो तर मुलं रांगेत उभी! एकेकाने माझ्या पंजावर आपला पंजा ठेवून पाहिला. मुंगी बाजूला उभी राहून ढकलाढकली करणाऱ्यांना दम देत होती. बाईंनी तिला धडा वाचायला दिला, तिने तो न अडखळता वाचला. त्या म्हणाल्या की तोंडी परीक्षा झाली असं समजा. मला मात्र कोपऱ्यात घेऊन सांगितलं की अभ्यास मुलीचा आहे, तुमचा नाही.

चूक झाली खरी. माया आहे तेवढी असू दे, वाढवलीस तर नको म्हणणार नाही.

तुझा,
भिंगरी

ता. २५, मंगळवार

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणघरात वाचलं आणि एवढी हसले, एवढी रडले की मेट्रनबाई उठून आल्या. अर्ज फाडला. पुढच्या महिन्यापासून मला लहान मुलांचा वॉर्ड मिळाला आहे. माझ्या परीक्षेपर्यंत तू मात्र कुठे सटकू नकोस, पाया पडते.

दूर असले तरी तुमचीच आहे, धरून ठेवा.

तुझी,
ताई

ता. क. मी इथला पलंग मोजला, माझ्या वितीने दहा भरला. मुंगीचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. किती वाढलाय ते पाहायचंय. तिचाच ठेव रे, तुझा नको.