ऑटो नको, फुलच पाहिजे

१८ नोव्हेंबर २००४
शहागडच्या या कापसाच्या जिनिंग कारखान्यात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा. मालक बद्रीनाथशेठ यांना माऊस धरायला दोन हात लागतात. काट्यावरचा निजामोद्दीन कापसाच्या गाड्या मोजतो, वजन वायरीतून माझ्या ऑफिसात येतं, मी पावती छापतो. शेठ म्हणाले, देवानंद, हंगाम बराबर गेला तर तुला कायम करतो. म्हणजे झालोच.

१९ नोव्हेंबर
माझ्या मशीनचं नेटवर्क कार्ड पाहिलं. सेटिंग 'ऑटो'. शी! ऑटो म्हणजे बिनडोकांची सोय, हाफ की फुल ते मशीनच ठरवणार. हाफ डुप्लेक्समध्ये एकाने बोलायचं, दुसऱ्याने तोंड मिटून बसायचं. फुलमध्ये दोघांनी एकदम. शंभर स्पीड, फुल करून टाकलं.
सगळ्या वायरी जोडणारा डबा, म्हणजे स्विच, त्याच्यासोबतचं पुस्तक म्हणतं, दोन्ही टोकं ऑटो ठेवा, नाहीतर दोन्हीकडे सारखं सेटिंग करा. एकाच टोकाला हात लावला तर दुसरं हाफ धरून बसतं. आमच्या स्विचला तर सेटिंगच नाही. भित्र्यांसाठी लिहिलेलं पुस्तक. कपाटावर टाकलं.
संध्याकाळी टेस्ट. काट्यावर एकही गाडी नव्हती. पावती झटकन आली.

२२ नोव्हेंबर
पहिली गर्दी. पावत्या रडतखडत. स्विचवरचा कोलिजनचा, म्हणजे टकरीचा, दिवा सारखा लुकलुकतोय, म्हणजे डेटा टकरा देत जोरात धावतोय. निजामोद्दीन म्हणाला, भाऊ, उंदरानं वायर कुरतडली असंल. अडाणी. तरी वायर बदलली. फरक शून्य.

२४ नोव्हेंबर
गाड्यांची रांग हायवेपर्यंत. कडूबा नावाचा शेतकरी खिडकीशी येऊन म्हणाला, सकाळपासून उभा राह्यलो, तुमची मशीन झोपली का? त्याला फुल डुप्लेक्स समजावलं. तो म्हणाला, मंग हातानं लिहा की. यांच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही.

२६ नोव्हेंबर
शेठ सगळ्यांसमोर ओरडले. फार लागलं मनाला. उद्या आजारी पडायचं ठरवलं. माझ्याशिवाय एक जरी पावती निघाली तर मिशी उतरवीन. बायकोला, उषालाही तसं सांगितलं.

२७ नोव्हेंबर
आजारी. निजामोद्दीन रात्री तब्येत विचारायला आला होता. शेठनी म्हणे जालन्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने माझ्या मशीनचं कार्ड काढून नवं बसवलं, बाकी कशाला हात लावला न्हाई. पावत्या धडाधड निघाल्या, दुपारीच आवार रिकामं.
कार्ड खराब होतं तर. मी काय कार्डाच्या पोटात शिरू? मिशीचा विषय उषाने काढला. मी खोकलो.

२९ नोव्हेंबर
हजर झालो. नव्या कार्डाचं सेटिंग पाहतो तर पुन्हा ऑटो! इतका गाढव मेकॅनिक. लगेच फुल केलं.
दुपारपर्यंत रांग पुन्हा हायवेवर. आवारातला प्रत्येक माणूस माझ्याच खिडकीकडे बघत होता. कोणाचं लक्ष नसताना गुपचूप ऑटो केलं. दिवा शांत झाला, पावत्या भराभर यायला लागल्या. कपाटावरचं पुस्तक खाली काढलं. ते पुस्तक मी वाचलेलं होतं.
शेठ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू घरी असला की बिलकुल बराबर चालतं रे. आता हंगाम संपेस्तोर आरामच कर. पावत्या निजामोद्दीन काढंल.
उषाने दारातच विचारलं, कायम केलं का?
हो म्हणालो. घरी बसवलंय, हे उद्या सांगेन.