अर्धी गाडी

आबा, मी गाडी घेतली. तिला क्लचचं पेडल नाही. हे ऐकून तुम्ही तोंड वाकडं केलं असतं हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडीचा विषय निघाला की मला पहिल्यांदा तुमच्याशीच भांडावं लागतं.

जळगावात आमच्या ऑफिसात गाडीवेड्यांची एक टोळी आहे. रविवारी सकाळी सगळे आपापल्या गाड्या घेऊन फैजपूरच्या रस्त्याला लागतात, केळीच्या बागांपाशी एका टपरीवर चहा घेतात आणि गाड्यांवर बोलत बसतात. मीही जाते. गेल्या रविवारी त्यातला एक जण, जुनी जीप जिवापाड जपणारा, माझ्या गाडीत डोकावला आणि म्हणाला, "ताई, ही गाडी नाही, मिक्सर आहे. बटण दाबलं की फिरला." सगळे हसले. त्यांचं म्हणणं मला पाठ आहे. गिअर आपल्या हातात असला की गाडी आपलं ऐकते, ओव्हरटेक करताना विचार करत बसत नाही, आणि हातापायांना काम नसेल तर त्याला चालवणं म्हणू नये. ओव्हरटेकचं खरं आहे. माझी गाडी स्वतःच गिअर बदलते, तेव्हा जरा अडखळते, मान पुढे जाते. पण मी त्याला म्हटलं, "पाट्यावरच्या वाटणाचं कौतुक कोण करतं माहीत आहे का? ज्याला ते कधी वाटावं लागलं नाही तो." मग तो आपल्या चहाकडे वळला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कारण गिअर म्हणजे काय, हे मला यांच्याकडून शिकायचं नाही. सोनगीर ते धुळे सवाऱ्या नेणारी तुमची काळीपिवळी जीप. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला चिकटून बसलेली. पोलिओनं बारीक राहिलेला डावा पाय पोटाशी घेतलेला. जीप अशी भरते की तुम्हाला हात हलवायला जागा उरत नाही. "मी क्लच दाबस, तू गेर टाक," तुम्ही म्हणता. मी उजव्या हातानं दांडा धरते. "कान दे. गाडी काय सांगी ऱ्हायनी ते आयक." मी ऐकते. इंजिनाचा आवाज भरून येतो, तुमचा पाय खाली जातो, तुम्ही "टाक" म्हणता आणि मी टाकते. पुढे पुढे तुम्हाला "टाक" म्हणावंही लागत नव्हतं. पोरगी कोणाची, असं कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचात, "हाई मना डावा हात शे." त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं मिरवले.

मग मला अठरा वर्षं पूर्ण झाली. तुम्ही स्वयंपाकघरात भरीत-भाकरी खात होतात. मी म्हटलं, "आबा, माले लायसन काढनं शे." तुम्ही माझ्या पायाकडे पाहिलंत, मग ताटाकडे. "तुले अर्धी गाडी येस. अर्धीवर लायसन नही भेटत." एवढं बोलून पुढची भाकरी मोडलीत. भाऊ मिसरूड फुटायच्या आत जीप शिकला होता. त्याला आवाज कळत नव्हता, त्यानं वर्षभरात क्लचप्लेट जाळली आणि तुम्ही त्याला नवी घालून दिलीत. तरी ड्रायव्हर तोच.

आबा, तुमचं चुकलं. गाडी अर्धी नव्हती आणि मीही नव्हते. डाव्या पायाचं एक पेडल मधे येत होतं, बस. ते नसलेली गाडी तुम्ही तेव्हा पाहिली नव्हती, हे मान्य. पण नुसते हळहळला असतात तरी मला पुरलं असतं. आज मी एकटी जळगावहून निघते, धुळ्यात काम उरकते आणि सोनगीरला येते. कुणाची वाट पाहत नाही, कुणाला तिथवर सोड म्हणत नाही. मला ड्रायव्हर म्हणायचं की नाही ते त्या टोळीनं ठरवावं असं मला वाटत नाही. तुम्हीही ठरवू नका.

फक्त एक गोष्ट मी टोळीला सांगितलेली नाही, सांगणारही नाही. आपणच जिंकलो असं त्यांना वाटेल. हा कागद गाडीच्या कप्प्यातच राहणार आहे, म्हणून इथे लिहिते. या गाडीचा दांडा बाजूला ढकलला की गिअर आपण टाकायचे, क्लच तिचा तीच दाबते. सोनगीरचा किल्ला दिसला आणि चढ लागला की मी दांडा बाजूला घेते. कान देते. इंजिन दमल्यासारखं बोलू लागतं, मी गिअर टाकते, आणि क्लच कुणीतरी आधीच दाबलेला असतो. तेवढ्या चढापुरती, आबा, मी तुमच्याशी भांडत नाही.