शरदिनीवर नजर

१२ जुलै २००७
भयंकर बातमी. शरदिनीच्या शाळेत ‘किशोर-शिक्षा’ नावाचा, वयात येणाऱ्या मुलांना ‘ते’ सगळं शिकवणारा तास सुरू होणार. पुस्तकात चित्रं आहेत म्हणे! पोर दहावीत आहे. शेजारचे दत्तात्रेयही हादरलेत. त्यांची लतिका त्याच शाळेत बारावीत, आमच्या नीलकंठच्याच वर्गात. उद्या प्रिन्सिपॉलबाईंना गाठायचं.

१३ जुलै
तास बंद! मी खणखणीत बोललो. (मध्ये आवाज फुटेना, तेवढं दत्तात्रेय बोलले.) बाईंनी विचारलं, मग मुलांना सांगणार कोण? म्हणालो, आम्ही. घरी. संस्कारात बसवून.

१५ जुलै, रविवार
शरदिनीला गच्चीवर बोलावलं. सुरुवात चार आश्रमांपासून केली. गृहस्थाश्रम आला, तो वगळला. थेट वानप्रस्थावर गेलो. ती म्हणाली, “बाबा, हे पाचवीत झालंय.” एकूण विषय बराच झाला.

३० ऑगस्ट
सकाळी शरदिनीला उलटी. बँकेत दोनदा चुकीचा शिक्का मारला. घरी येऊन बायकोला, इंदूला म्हणालो, तिला विचार. काय विचारू, म्हणाली. तेच, म्हणालो. “तेच म्हणजे काय?” जेवलो नाही.

३१ ऑगस्ट
टमाटर-चाट बाधली होती. वाचलो! तरी आजपासून कडक पहारा. नदीवर, दुर्गाघाटावर एकटीनं जायचं नाही. मोबाइल बंद. नीलकंठची चिंता नाही, मुलगा आहे. शिवाय सज्जन. रोज गच्चीवर लतिकाला फिजिक्स शिकवतो, एक पैसा न घेता.

१६ सप्टेंबर, सकाळ
दत्तात्रेय आले. चहाला हात लावला नाही. काल लतिकाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तिसरा महिना. धीर द्यावा म्हणून मी ओरडलो, कोण तो हरामखोर, नाव सांगा! त्यांनी आमच्या गच्चीकडे बोट दाखवलं.

संध्याकाळ
नीलकंठला समोर बसवलं. हात उगारला, पण खाली घेतला. एवढंही ठाऊक नव्हतं तुला, विचारलं. शाळेतल्या हिंदीतच म्हणाला, “हमको लगा एक बार में नहीं होता, बाबा. दोस्त लोग यही बोले थे.” मग माझा हात घट्ट धरून रडायला लागला. लतिकाचं आता काय होणार, ती मरणार तर नाही ना, शाळेतून काढतील का, सगळं एका दमात.
अशा वेळी मुलाला काय सांगतात, मला माहीत नाही. म्हणालो, थांब, आईला विचारून येतो.