एकच नाव टाकलं होतं

बारामती,
बुधवार, १६ जुलै

छकुले,
सिद्धूदादाकडून एक टपली आणि पोतंभर आशीर्वाद.

मी मजेत हाय. सध्या शेतात सोलर पंप बसवणाऱ्या टोळीत हाय, रोज नवं गाव. परवा भिगवणला मासळी खाल्ली, काय सांगू! पण ते राहू दे. फोन केला असता, पण घरातला फोन आबांच्या खिशात. म्हणून गावाकडं निघालेल्या नागेशच्या हाती ही चिठ्ठी.

काल झेरॉक्सच्या दुकानात वालचंदनगरचा सौरभ भेटला, वडिलांबरोबर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरत होता. मार्क तुझ्यापेक्षा कमी. तरी पठ्ठ्यानं तेहतीस कॉलेजं टाकली! पुण्याची वर, बारामती खाली. क्लासचे सर फोनवरून सांगत होते. मला राहवलं न्हाय. म्हणलं, "काका, एवढी नावं बघून, ह्याचं एकावरबी मन न्हाय म्हणून फॉर्म बाद करतील की!"

काका हसले. "कुणी सांगितलं रे तुला? वरचं नाही लागलं तर खालचं बघतात."

कुणी सांगितलं? आपल्या तात्याबा चुलत्यानं. घरात कॉलेजच्या आत गेलेला तेवढाच एक, तोही गॅदरिंगचा मंडप टाकायला. त्याचंच ऐकून तूही एकट्या बारामतीचं नाव टाकलंयस.

आता सांगतो ते आबांना सांगू नकोस. चार वर्षांपूर्वी मीबी एकच नाव टाकलं होतं. लागलं न्हाय. घरी सांगितलं, मलाच शिकायचा कंटाळा आलाय. आबांनी शिव्या घातल्या ते बरं वाटलं. पोराला नीट वाट दाखवता आली न्हाय म्हणून स्वतःला दोष देत बसले असते तर मला बघवलं नसतं. पुढं भटकणं आवडायला लागलं, त्यात खोटं काय न्हाय.

सौरभनं सगळी नावं कागदावर उतरवून दिली, गुणी पोरगं. कागद सोबत हाय. पुणं वर टाक. आबा म्हणतील, लांब हाय. म्हणू देत. उत्पन्नाचा दाखला काढलाय, फी माफ होईल. हॉस्टेलचं मी बघतो.

फॉर्मचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो, म्हणजे हितनं मलाच भरता आलं असतं. हात लावला न्हाय. नावं तू टाकायचीस.

शनिवारी पाचला फॉर्म बंद होतोय, तवर नावं बदलता येतात. मी शुक्रवारी येतो. आईला म्हणावं, दोन भाकरी जास्त टाक. ती म्हणंल, आला तसा जाईल.

फॉर्म पक्का होईपर्यंत उंबऱ्यातनं न हलणारा,
तुझा सिद्धूदादा