पत्र्यावरचे दगड

मुरुम, १७ एप्रिल १९४६

अप्पा पुन्हा शिडीवर! सत्तरीचे सासरे वर, सून खाली शिडी धरून, आणि शेजारची प्रेमाबाई दारात उभी राहून मजा बघतेय. सगळं त्या पत्र्यांपायी. ह्यांनी पाडव्याला अंगणावर पत्रे घातले. नोकरी सोलापूरच्या अडतीवर, तिथं घरोघर पत्रे, मग आपल्याकडं का नकोत! अप्पांचं एकच — "मातीचं माळवद जाग्यावर बसतंय. पत्रा वाऱ्याची वाट बघतोय." शब्दानं शब्द वाढला. हे पाया न पडताच मोटारीत बसले. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद.

आता वळवाचे दिवस आले. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड कोण ठेवणार? अप्पाच. पत्रे नकोत म्हणणारेही तेच!

२१ एप्रिल

कडब्याची गंजी दोरखंडांनी आवळली. माळवदावर पांढरी माती पसरून झाली, पन्हळी मोकळ्या केल्या. गोवऱ्या आत. कुरडया वाळल्या न वाळल्या तोच डब्यात भरल्या. माझी कंबर कामातून गेली.

२९ एप्रिल

पहिलं वारं आलं. धुरळ्यानं असा अंधार की दिवसा दिवा लावला. कोपऱ्यावरच्या लिंबाजीचं छप्पर पार वेशीत जाऊन पडलं. आमचा एक पत्रा हलला नाही! अप्पा वर बघून नुसतं "हं" म्हणाले. पण खूश होते. मला कळतं.

३० एप्रिल

अजून दगड आणणं चालूच. म्हटलं, "अप्पा, पडाल. ह्यांना बोलावून घेऊ, ते तारेनं पक्के आवळतील."

"मल्लिनाथला यायचं आसंल तर येईल. म्या बोलवणार न्हाय."

थोड्या वेळानं आपणच विचारतात — "सोलापूरची मोटार कवा येती गं हल्ली?"

मला हसू आलं. मग वाईट वाटलं. दोघं एकाच मुशीतले. सासूबाई असत्या तर दोघांचे कान धरून समोरासमोर बसवलं असतं. माझं कोण ऐकतंय! एकानं 'ये' म्हणावं, नाहीतर दुसऱ्यानं 'आलो' म्हणावं, एवढंच. पावसाळ्याआधी दोघांना एका पंगतीत जेवताना बघायचंय मला. मग पत्रे राहोत की जावोत.

८ मे

अप्पांनी आज शिडी मागितली नाही. डोकं जड झालंय म्हणे. बरंच झालं, माझे हात मोकळे.

९ मे

पहाटे अप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात-पाय लुळा. तोंड वाकडं, वाचा गेली. वैद्य नाडी बघून म्हणाले, लेकाला बोलावून घ्या.

गल्लीतला बलभीम सकाळच्या मोटारीनं सोलापूरला निघाला होता, त्याच्याकडं ह्यांना निरोप दिला. 'अप्पांच्या अंगावरून वारं गेलं, ताबडतोब या' एवढंच सांगितलं. मोटारीचा भोंगा केवढा वाजत होता! बलभीम मान हलवून चढला. संध्याकाळपर्यंत येतील.

१० मे

आले नाहीत. मोटारीचा आवाज आला की अप्पांचे डोळे दाराकडं. डाव्या हातानं माझा पदर ओढतात. "येतायत, अप्पा, येतायत." किती वेळा म्हणायचं? एवढा कसला राग! बाप अंथरुणावर आणि हे तिकडं फुगून बसलेत. संताप येतोय मला.

११ मे

अप्पा गेले. दुपारी माती दिली. लेक नव्हता.

१२ मे

हे आले. खांद्यावर तारेचं वेटोळं, हातात खिळ्यांची पिशवी. चांगली जाड तार मिळेना म्हणून सगळा बाजार पालथा घातला, त्यात उशीर झाला म्हणे. बोळातूनच ओरडत आले — "अप्पा, तुमचंच खरं! हरलो मी!"

मग अंगणात उभे राहिले. वर बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"पत्रं तर जाग्यावर हायत की! बलभीम म्हणाला, अप्पांच्या अंगणावरनं वारं गेलं…"